दे गास्पेरी यांचे अखेरचे चौदा महिने

निवडणुकीचे निकाल लागले, की त्यानंतरच्या रविवारी मिस्साबलिदान आटोपल्यावर चर्चच्या अंगणात माणसांचे घोळके जमतात. कुणाच्या हातात वर्तमानपत्र असते, कुणी स्वतः मतमोजणीला बसून आलेला असतो. अशा वेळी एक शब्द हमखास कानी पडतो : 'संपला.' अमुक पुढारी आता संपला. कालपरवापर्यंत ज्याच्या स्वागताला गावोगावी कमानी उभ्या राहत होत्या, त्याचे भवितव्य हातातला चहा निवण्यापूर्वीच ठरून जाते. मी ऐकतो आणि सहसा काही बोलत नाही. पक्षांच्या हारजितीत धर्मगुरूने तोंड घालू नये, हे पथ्य सेमिनरीत शिकलो आणि आजवर पाळत आलो. पण तो शब्द ऐकला, की मला दर वेळी एका इटालियन गृहस्थाची आठवण होते. १९५३ च्या जून महिन्यात रोममधील लोकही त्याच्याविषयी हेच म्हणत होते. राजकारणापुरते ते खरेही ठरले. तरीही त्याच्या आयुष्याचा खरा हिशेब मांडायचा, तर तो त्या पराभवानंतरच्या चौदा महिन्यांना वगळून मांडता येत नाही.

त्याचे नाव आल्चिदे दे गास्पेरी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडून पडलेल्या इटलीला पावणेआठ वर्षे सांभाळणारा पंतप्रधान, आजच्या युरोपीय संघाच्या जनकांपैकी एक आणि रोज प्रार्थनेला बसणारा कॅथलिक गृहस्थ. आपल्यापैकी अनेकांना पोपमहोदयांची नावे क्रमाने पाठ असतात. पण राज्यकारभाराच्या धकाधकीत श्रद्धा जपणाऱ्या अशा प्रापंचिकांची ओळख आपल्याला फारशी नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

सीमेवरचा माणूस

दे गास्पेरी यांचा जन्म ३ एप्रिल १८८१ रोजी त्रेंतिनो प्रांतातील पिएव्हे तेसिनो या डोंगरी गावी झाला. हा प्रांत त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत होता; लोकांची भाषा मात्र इटालियन. वडील पोलीस दलात होते, घरची परिस्थिती बेताची. मुलाने व्हिएन्नाच्या विद्यापीठात भाषाशास्त्राचा अभ्यास करून १९०५ साली पदवी मिळवली, त्रेंतो शहरातील कॅथलिक वृत्तपत्राचे संपादन केले आणि १९११ साली तो व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेला. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा प्रांत इटलीला जोडला गेला. एका साम्राज्यात जन्मलेला, दुसऱ्या राष्ट्राची भाषा बोलणारा हा माणूस सीमा म्हणजे काय आणि ती माणसांना काय करते, हे पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या घरातून शिकला होता.

इटलीत १९१९ साली डॉन लुईजी स्तुर्झो या सिसिलियन धर्मगुरूने 'लोकपक्षा'ची स्थापना केली. कॅथलिकांनी नागरिक म्हणून, स्वतःच्या जबाबदारीवर राजकारणात उतरावे, ख्रिस्तसभेला त्यात ओढू नये, ही स्तुर्झो यांची भूमिका होती. दे गास्पेरी १९२१ साली या पक्षातर्फे संसदेत गेले. पुढल्याच वर्षी मुसोलिनी सत्तेवर आला. स्तुर्झो यांना १९२४ साली देश सोडावा लागला, पक्षाची धुरा दे गास्पेरींकडे आली आणि १९२६ साली तो पक्षच बंद पाडण्यात आला. मार्च १९२७ मध्ये पतिपत्नी आगगाडीने प्रवास करीत असताना दे गास्पेरींना अटक झाली. त्यांना चार वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. ती नंतर कमी झाली आणि जुलै १९२८ मध्ये ते सुटले. रोममधील ज्या तुरुंगात त्यांना ठेवले होते, त्याचे नाव 'रेजिना चेली', म्हणजे 'स्वर्गाची राणी'. एके काळच्या मठाच्या जागी उभ्या असलेल्या त्या तुरुंगाला मठाचेच नाव राहिले होते. तेथून त्यांनी पत्नी फ्रान्चेस्का यांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली.

सुटल्यावर कुणी काम देईना. संसार होता, लहान मुली होत्या. जर्मन पुस्तकांची भाषांतरे करून ते घर चालवीत. अखेर १९२९ साली व्हॅटिकनच्या ग्रंथालयात त्यांना नोकरी मिळाली. कालचा पक्षनेता पुस्तकांच्या सूचीची कार्डे लिहू लागला. ही वर्षे थोडीथोडकी नव्हती. फॅसिस्ट राजवट कोसळेपर्यंत जवळजवळ चौदा वर्षे तो आश्रय त्यांना लाभला. म्हणजे 'संपला' हा शिक्का त्यांच्या कपाळी पूर्वीच एकदा बसला होता. ती गोष्ट पुढल्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवावी.

बहुमत असूनही वाटून घेतलेली सत्ता

युद्ध चालू असतानाच जुन्या सहकाऱ्यांना गुप्तपणे एकत्र करून त्यांनी ख्रिस्ती लोकशाही पक्षाची उभारणी केली आणि १० डिसेंबर १९४५ रोजी ते पंतप्रधान झाले. पुढची वर्षे कमालीच्या घडामोडींची गेली. २ जून १९४६ रोजी जनतेने राजेशाही नाकारून प्रजासत्ताक निवडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत हरलेल्या राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून दे गास्पेरी बोलायला उभे राहिले, तेव्हा विजेत्यांपैकी फार थोड्यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले. मे १९४७ मध्ये कम्युनिस्ट आणि समाजवादी यांना वगळून त्यांनी नवे सरकार बनवले. यानंतर १८ एप्रिल १९४८ ची निवडणूक झाली. तिच्यात ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ४८.५ टक्के मते आणि ५७४ पैकी ३०५ जागा मिळाल्या. डाव्या आघाडीला ३१ टक्के मते पडली.

त्या विजयात धर्मग्रामांचा वाटा फार मोठा होता. डॉ. लुईजी जेद्दा यांनी उभारलेल्या नागरी समित्या घरोघर फिरल्या होत्या. असा विजय पदरात पडल्यावर बहुतेक पुढाऱ्यांनी काय केले असते, हे सांगायला नको. दे गास्पेरींच्या निकटच्या काही मंडळींना आणि धर्माधिकाऱ्यांनाही वाटत होते, की आता निखळ कॅथलिक सरकार यावे. दे गास्पेरींनी तसे केले नाही. एकट्याच्या बळावर राज्य करणे शक्य असताना त्यांनी उदारमतवादी, प्रजासत्ताकवादी आणि सामाजिक लोकशाहीवादी या छोट्या, धर्मनिरपेक्ष पक्षांना मंत्रिमंडळात घेतले. श्रद्धाळू आणि अश्रद्ध यांच्यात देशाची फाळणी होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. १९५० चे जमीन सुधारणेचे कायदे, दक्षिणेच्या विकासासाठी स्थापन झालेला खास निधी, १९५१ चा कोळसा आणि पोलाद यांविषयीचा युरोपीय करार ही सगळी कामे याच आघाडीच्या काळात झाली.

परंतु कामाचे शत्रूही कामातूनच जन्मतात. मोठमोठ्या जमिनी तोडून त्या भूमिहीनांना देण्याचे कायदे झाले, तेव्हा दक्षिणेतील जमीनदार बिथरले आणि राजेशाहीवाद्यांच्या व नवफॅसिस्टांच्या आश्रयाला गेले. डावीकडे कम्युनिस्टांचे बळ घटले नव्हतेच. मधली वाट दोन्ही बाजूंनी अरुंद होत चालली.

रोमची पालिका आणि नाकारलेली भेट

१९५२ च्या वसंतात रोमच्या पालिकेची निवडणूक आली. पोपमहोदयांच्या नगरीत कम्युनिस्ट महापौर बसणार, या विचाराने व्हॅटिकनमध्ये अस्वस्थता पसरली. ही भीती आज आपल्याला अवास्तव वाटेल. पण त्या दिवसांत हंगेरीचे कार्डिनल मिंडसेन्टी तुरुंगात होते आणि पूर्व युरोपातील कितीतरी धर्मगुरूंचा ठावठिकाणा लागत नव्हता. पोप पायस बारावे यांच्या मनातील चिंता समजून घेतल्याशिवाय त्यांच्याविषयी काही लिहिणे अन्यायाचे होईल. त्या चिंतेपोटी एक योजना पुढे आली. कम्युनिस्टांविरुद्ध सर्वांची मिळून एक यादी करावी, तीत राजेशाहीवादी आणि नवफॅसिस्ट यांनाही घ्यावे आणि तिच्या शिरोभागी वयोवृद्ध डॉन स्तुर्झो यांचे नाव असावे. डॉ. जेद्दा या योजनेचे मुख्य सूत्रधार होते. ज्या धर्मगुरूला फॅसिस्टांमुळे वीस वर्षांहून अधिक काळ परदेशी राहावे लागले, त्याच्याच नावाखाली फॅसिस्टांचे वारसदार रोममध्ये पुन्हा प्रतिष्ठित होणार होते.

दे गास्पेरींनी ही योजना मान्य केली नाही. त्यांच्या विरोधामुळे ती बारगळली. निवडणूक त्यांच्या पक्षाने नेहमीच्या मित्रपक्षांसह लढवली आणि जिंकली. कम्युनिस्ट महापौर झाला नाही. राजकीय अंदाज दे गास्पेरींचा बरोबर ठरला. पण त्याची किंमत त्यांना वेगळ्या नाण्यात द्यावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या विवाहाला तीस वर्षे पूर्ण होत होती आणि त्यांची कन्या लुचिया धर्मभगिनी म्हणून अखेरची व्रते घेणार होती. या निमित्ताने सहकुटुंब पोपमहोदयांचे दर्शन घ्यावे, अशी त्यांनी विनंती केली. ती नाकारण्यात आली.

यावर त्यांनी व्हॅटिकनमधील इटालियन राजदूताला जे कळवले, त्याचा आशय असा होता : ख्रिस्ती माणूस म्हणून हा अपमान मी स्वीकारतो, परंतु इटलीचा पंतप्रधान म्हणून ज्या पदाची प्रतिष्ठा मला खासगी जीवनातही बाजूला ठेवता येत नाही, त्या पदाच्या वतीने या नकाराबद्दल मला आश्चर्य व्यक्त करणे भाग आहे. ही भाषा मला फार मोलाची वाटते. तीत उर्मटपणा नाही आणि लाचारीही नाही. तो पूर्वीइतकाच ख्रिस्तसभेचा पुत्र राहिला. ना त्याने वर्तमानपत्रांत तक्रार केली, ना मिस्साबलिदानाला जाणे सोडले.

या प्रकरणात दे गास्पेरींची बाजू जाणणारा एक माणूस व्हॅटिकनमध्ये होता : जोव्हान्नी बात्तिस्ता माँतिनी. ते पोपमहोदयांच्या सचिवालयात उच्चपदावर होते. पुढे हेच माँतिनी पोप पॉल सहावे झाले आणि डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्तीय परिषदेसाठी मुंबईला आले. आपल्याकडील वडीलधाऱ्या पिढीने त्यांना डोळे भरून पाहिले आहे.

झावळ्यांच्या रविवारचा कायदा

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे दे गास्पेरींचे पाऊल घसरले. ती सांगताना त्यांच्याविषयीच्या आदरामुळे काही झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

१९५३ च्या निवडणुकीत आपल्याला स्थिर बहुमत मिळणार नाही, हे त्यांना दिसू लागले होते. त्यांनी १९२२ साल पाहिले होते. आपसांत भांडणाऱ्या दुबळ्या सरकारांच्या भगदाडातून मुसोलिनी आत शिरला होता. जर्मनीची लोकशाही कशी कोसळली, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पुन्हा तसे होऊ नये म्हणून त्यांच्या सरकारने नवा निवडणूक कायदा आणला. त्यानुसार, आधीच आघाडी जाहीर करणाऱ्या पक्षांना मिळून निम्म्याहून अधिक मते पडली, तर त्यांना प्रतिनिधिगृहातील ५९० पैकी ३८० जागा, म्हणजे सुमारे ६५ टक्के जागा मिळणार होत्या.

विरोधकांनी या कायद्याला 'फसवणुकीचा कायदा' असे नाव दिले आणि तेच इतिहासात रूढ झाले. मुसोलिनीच्या १९२३ च्या कायद्याशी त्याची तुलना होऊ लागली. ती पूर्णपणे न्याय्य नव्हती. कारण मुसोलिनीच्या कायद्याने पाव मतांवर दोन तृतीयांश जागा बहाल केल्या होत्या, तर या कायद्यात निम्म्याहून अधिक मतांची अट होती. पण लोकांच्या मनात शंका शिरली, की ती आकडेमोडीने निघत नाही. खेळ सुरू होण्याच्या तोंडावर नियम बदलणारा, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, संशयास पात्र होतोच. सिनेटमध्ये कायद्यावर अखंड चर्चा चालली, गोंधळ झाला, अखेर हाणामारीपर्यंत मजल गेली. त्या गदारोळात कायदा संमत झाला, तो दिवस होता २९ मार्च १९५३. तो झावळ्यांचा रविवार होता. शहरातील चर्चेसमधून लोक हातात ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन घरी परतत होते आणि सभागृहात सिनेटर एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

मला यातील विसंगती विचार करायला लावते. १९४८ साली हाती संख्याबळ असताना याच माणसाने सत्ता वाटून घेतली आणि त्यामुळे त्याचा अधिकार वाढला. १९५३ साली संख्याबळ डळमळू लागले, तेव्हा विश्वासाने जे मिळत होते, ते त्याने कायद्याने बांधून घ्यायचा प्रयत्न केला. भीती खरी होती, हेतूही देशहिताचा होता. पण भीतीपोटी शोधलेला उपाय कधीकधी ज्याची भीती असते, तेच ओढवून आणतो.

थोडक्यात हुकलेले

७ आणि ८ जून १९५३ रोजी मतदान झाले. मोजणी पुरी झाली, तेव्हा मध्यममार्गी आघाडीच्या पदरात ४९.८ टक्के मते पडली होती. दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपास वैध मतांपैकी साठ हजारांहूनही कमी मते कमी पडली आणि ३८० जागांचे स्वप्न विरले. ख्रिस्ती लोकशाही पक्ष ४८.५ टक्क्यांवरून ४०.१ टक्क्यांवर आला, जागा २६३. कम्युनिस्टांना २२.६ टक्के आणि समाजवाद्यांना १२.७ टक्के मते मिळाली. राजेशाहीवादी व नवफॅसिस्ट यांनीही आपले बळ वाढवले. सारागात यांच्या सामाजिक लोकशाहीवादी पक्षाची तर वाताहत झाली.

हे कुणी केले? ज्यांना दे गास्पेरींनी मोठे शत्रू मानले होते, त्यांनी एकट्यांनी नव्हे. आघाडीतील पक्षांमधून या कायद्याला कंटाळून बाहेर पडलेल्या मूठभर सज्जनांनी छोटे छोटे गट करून उमेदवार उभे केले होते. त्यात फॅसिस्टांविरुद्ध लढलेले फेर्रुच्चो पार्री होते, घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेले पिएरो कालामान्द्रेई होते. त्यांना फार मते पडली नाहीत. पण पडली ती आघाडीला कमी पडलेल्या मतांपेक्षा अधिक होती. जवळच्या माणसाचा विश्वास उडाला, की तोल जायला तेवढे पुरेसे असते.

पुढे वाटा कोणत्या?

निकालानंतर दे गास्पेरींपुढे काही वाटा होत्या. वय ७२ झाले होते.

पहिली वाट फेरमोजणीची. दहा लाखांहून अधिक मते बाद ठरली होती. ती पुन्हा तपासली असती, तर कमी पडलेली मते कदाचित सापडलीही असती, असे त्यांच्या काही सहकाऱ्यांना वाटत होते. दे गास्पेरींनी तो आग्रह धरला नाही. आधीच बदनाम झालेल्या कायद्याच्या आधारे, वादग्रस्त मतपत्रिकांमधून बहुमत उकरून काढले असते, तर देश रस्त्यावर उतरला असता. निकाल त्यांनी होता तसा स्वीकारला. कायदा आणताना जी चूक झाली, तिचे काहीसे परिमार्जन या एका निर्णयाने झाले, असे मला वाटते.

दुसरी वाट उजवीकडची. राजेशाहीवाद्यांना सोबत घेतले असते, तर आकडे जमण्याजोगे होते. पण जी तडजोड रोमच्या पालिकेसाठी नाकारली, ती स्वतःच्या खुर्चीसाठी पत्करून सरकारचे तोंड उजवीकडे फिरवणे त्यांना रुचणारे नव्हते. तिसरी वाट डावीकडची. समाजवादी नेते पिएत्रो नेन्नी यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. पण नेन्नी अजून कम्युनिस्टांच्या दाव्यातून सुटले नव्हते. चौथी वाट जुन्या मित्रांची. ते मित्र मात्र पराभवाने होरपळून दूर उभे होते. सारागात सरकारात यायला तयार झाले नाहीत.

अखेर केवळ आपल्या पक्षाचे मंत्रिमंडळ घेऊन ते संसदेपुढे गेले. हे त्यांचे आठवे मंत्रिमंडळ. २८ जुलै १९५३ रोजी विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले : बाजूने २६३, विरुद्ध २८२ आणि तटस्थ ३७. तटस्थांमध्ये कालपर्यंत मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसलेले मित्र होते. नव्याने बनलेल्या सरकारला संसदेने दारातूनच परत पाठवावे, असे त्या प्रजासत्ताकात प्रथमच घडत होते. पराभव समोर दिसत असूनही ते सभागृहात गेले, हे महत्त्वाचे आहे. लोकप्रतिनिधींनी नाकारायचे असेल, तर ते उघडपणे, नोंद होईल अशा रीतीने नाकारावे, पाठीमागच्या खोलीत नव्हे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

ऑगस्टमध्ये जुझेप्पे पेल्ला पंतप्रधान झाले. दे गास्पेरी पुन्हा त्या पदावर कधीच आले नाहीत.

चौदा महिने

सत्ता गेलेल्या माणसाचे घर लवकर रिकामे होते. दे गास्पेरी मात्र घरी बसले नाहीत. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांनी पक्षाच्या चिटणीसपदाची जबाबदारी घेतली. ज्याने आठ मंत्रिमंडळे बनवली, तो आता शाखांच्या तक्रारी ऐकू लागला, तरुण कार्यकर्त्यांची भांडणे मिटवू लागला.

याच काळात त्यांच्या वाट्याला आणखी एक घाव आला. जानेवारी १९५४ मध्ये 'डॉन कामिल्लो'च्या कथांचे लेखक जोव्हान्नी ग्वारेस्की यांनी आपल्या साप्ताहिकात दोन पत्रे छापली. १९४४ साली दे गास्पेरींनी दोस्त सैन्याला रोमच्या परिसरावर बॉम्ब टाकण्याची विनंती केली होती, असे त्या पत्रांवरून दिसत होते. दे गास्पेरींनी ती बनावट असल्याचे शपथेवर सांगितले आणि फिर्याद केली. न्यायालयाने अब्रुनुकसानीबद्दल ग्वारेस्की यांना एक वर्षाची शिक्षा दिली. ते अपील न करता तुरुंगात गेले. ज्याच्या पुस्तकातील धर्मगुरूवर अर्ध्या जगाने प्रेम केले, तो लेखक आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयात कार्डे लिहिणारा हा राजकारणी, दोघेही कॅथलिक, न्यायालयात समोरासमोर उभे राहावेत, याचे दुःख त्या वेळी अनेक कुटुंबांना झाले असेल.

इकडे फेब्रुवारी १९५४ मध्ये मारिओ शेल्बा यांचे सरकार आले आणि तटस्थ राहिलेले सामाजिक लोकशाहीवादी व उदारमतवादी त्यात सामील झाले. म्हणजे जी आघाडी दे गास्पेरींना नाकारण्यात आली, ती सहा-सात महिन्यांत त्यांच्या शिष्याच्या नेतृत्वाखाली पुन्हा जुळली. त्यांची वाट बंद झाली नव्हती. फक्त तिच्यावरून चालण्याची पाळी आता दुसऱ्यांची होती. तो वादग्रस्त कायदाही १९५४ साली रद्द झाला. जून १९५४ मध्ये नेपल्स येथे पक्षाचे अधिवेशन भरले आणि आमिन्तोरे फान्फानी यांच्या तरुण गटाने पक्षाचा ताबा घेतला. वृद्ध नेत्याला राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद देण्यात आले. मान मोठा, अधिकार थोडा.

आता त्यांचे सारे लक्ष युरोपवर लागले होते. मे १९५४ मध्ये ते कोळसा-पोलाद समुदायाच्या सभेचे अध्यक्ष झाले होते. युरोपीय राष्ट्रांचे एकत्रित संरक्षण दल असावे आणि त्यातून पुढे राजकीय ऐक्य यावे, हे त्यांचे स्वप्न होते. फ्रान्सचे रोबेर शुमान, जर्मनीचे कोनराड आडेनाउअर आणि हे, असे तिघे सीमाभागांतले कॅथलिक या कामात सोबती होते. शुमान यांचे परराष्ट्रमंत्रिपद जानेवारी १९५३ मध्येच गेले होते. आडेनाउअर यांनी मात्र सप्टेंबर १९५३ मध्ये मोठा विजय मिळवला. एकाच ध्येयाच्या तिघांना मतदार आणि संसद यांनी किती निरनिराळी फळे दिली!

ऑगस्टमध्ये दे गास्पेरी आपल्या डोंगरातल्या घरी, सेल्ला दी वालसुगाना येथे विश्रांतीला गेले. हृदय थकले होते. फ्रान्सकडून वाईट बातम्या येत होत्या. मृत्यूपूर्वी पाच दिवस फान्फानींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी संरक्षण कराराबद्दलची वेदनाच व्यक्त केली. स्वतःच्या पदाबद्दल नव्हे. १९ ऑगस्ट १९५४ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांना देवाज्ञा झाली. त्यानंतर अकराच दिवसांनी, ३० ऑगस्टला, फ्रेंच संसदेने तो करार बाजूला सारला. तो धक्का पाहायला ते उरले नव्हते. पण २५ मार्च १९५७ रोजी रोममध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या करारावर सह्या झाल्या, तो दिवसही त्यांनी पाहिला नाही.

त्यांचे शव आगगाडीने रोमला आणले, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी लोक रुळांच्या कडेला उभे होते. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्यापैकी कितीकांनी विरुद्ध मत दिले असेल, कोण जाणे.

आपल्यापुरते

दे गास्पेरींची धन्यवादित प्रक्रिया त्रेंतो धर्मप्रांताने १९९३ साली सुरू केली. आज ते 'ईशसेवक' म्हणून ओळखले जातात. त्यांचे सोबती शुमान यांना २०२१ साली 'पूज्य' घोषित करण्यात आले. एका पंतप्रधानाने फसवणुकीचा म्हणून कुप्रसिद्ध झालेला कायदा आणला आणि तरीही ख्रिस्तसभा त्याच्या सद्गुणांचा विचार करते, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मला वाटत नाही. पवित्र जीवन म्हणजे चुका न झालेले जीवन नव्हे. चूक झाल्यावर तिचे फळ दुसऱ्याच्या माथी न मारता स्वतः भोगणे, हा त्या जीवनाचाच भाग आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले, की ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही आणि लौकिक प्रश्नांचे तयार उत्तर दर वेळी आपल्या धर्मगुरूंजवळ असेल, असे प्रापंचिकांनी समजू नये. हे वाचताना मला १९५२ सालचा तो नाकारलेला भेटीचा अर्ज आठवतो. परिषदेने जे शब्दांत मांडले, ते एका गृहस्थाने तेरा वर्षे आधी आपल्या अंगावर सोसले होते. आणि ज्यांनी परिषदेचे हे काम तडीस नेले, ते पोप म्हणजे त्याची बाजू जाणणारे तेच माँतिनी.

मला ही हकिकत स्वतःसाठीही हवी असते. निवडणुकीच्या आदल्या रविवारी एखादा आजोबा मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "फादर, यंदा मत कुणाला देऊ?" त्याचा माझ्यावर विश्वास असतो आणि नाव सांगून टाकण्याचा मोह मलाही होतो. मी सांगत नाही. मत देण्याआधी थोडी प्रार्थना करा, उमेदवाराने गरिबांसाठी काय केले ते पाहा आणि मग तुमच्या विवेकाला पटेल ते करा, एवढेच म्हणतो. कधीकधी आजोबा नाराज होतात. त्यांना उत्तर हवे असते आणि मी त्यांचा प्रश्न त्यांनाच परत दिलेला असतो.

रोममध्ये शहराच्या जुन्या तटाबाहेर संत लॉरेन्सचे प्राचीन बॅसिलिका आहे. १९ जुलै १९४३ रोजी त्या वस्तीवर बॉम्ब पडले, तेव्हा पोप पायस बारावे त्याच दिवशी व्हॅटिकनमधून बाहेर पडून तेथील भेदरलेल्या लोकांमध्ये येऊन उभे राहिले होते. त्याच बॅसिलिकात आज दे गास्पेरी चिरनिद्रा घेत आहेत. शिल्पकार जाकोमो मान्झू यांनी त्यांची समाधी घडवली आहे. एकाने दुसऱ्याची भेट नाकारली, ही गोष्ट खरी. पण दोघांच्याही आठवणी आता त्या एकाच छपराखाली नांदत आहेत.

येत्या निवडणुकीचे निकाल लागतील आणि चर्चच्या अंगणात पुन्हा कुणीतरी 'संपला' म्हणेल. तेव्हा निदान एवढे विचारावे : हरल्यावर तो काय करतो आहे?